गरोदर बाईला दारूचं विचारणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. २०१६पासून हा क्रम चालू आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिनं, पोटाची तपासणी, सोनोग्राफीची चिठ्ठी, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, सगळं रांगेत पार पडतं. दारूचा विषय मात्र निघत नाही. निघालाच तर सिस्टर मान वर न करता म्हणते, "दारू-तंबाखू काही नाही ना?" या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे. बाई "नाही" म्हणते, रकाना भरतो, पुढची वजनकाट्यावर चढते. सप्टेंबरची ९ तारीख १९९९पासून अनेक देशांत, पोटातल्या बाळाला दारूने होणाऱ्या इजेविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. नवव्या महिन्याची नववी तारीख आणि गरोदरपणाचे नऊ महिने, असा तो हिशेब. आपल्याकडे त्या तारखेला गरोदर बाया आपसूकच दवाखान्यात जमलेल्या असतात. त्या दिवसापासून हा प्रश्न नीट विचारायला लागावं आणि तो प्रत्येकीला विचारावा, एवढंच आमचं म्हणणं. का, कसा, आणि उत्तर "हो" आलं तर पुढे काय, हे सांगायला हे पत्र.

"आपल्या बायका कुठे पितात?" ही पहिली हरकत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, दारू घेणाऱ्या १५ वर्षांवरच्या स्त्रियांचं प्रमाण देशात १.३ टक्के, महाराष्ट्रात ०.४, गोव्यात ५.५ आणि अरुणाचल प्रदेशात २४ टक्क्यांच्या घरात आलं. महाराष्ट्राचा आकडा जसाच्या तसा खरा धरला, तरी हजारी चार होतात. तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला पाचशेच्या आसपास गरोदर बाया नोंदल्या जातात. म्हणजे त्यांतल्या दोन. त्या दोघी कोण, हे न विचारता कळायला काही मार्ग नाही. शिवाय सर्वेक्षणासाठी दारात आलेल्या अनोळखी माणसाला घरच्यांच्या कानावर पडेल अशा आवाजात कोणती बाई "हो, घेते" म्हणेल, हा प्रश्न उरतोच. आणि सरासरी काही सगळ्या गावांत सारखी वाटलेली नसते. ताडीच्या पट्ट्यात, मोह जिथे घरचाच आहे अशा पाड्यांवर आणि शहरातल्या शनिवारच्या पार्ट्यांत चित्र वेगवेगळं असतं. चेहऱ्यावरून, साडीवरून, शिक्षणावरून ओळखू म्हणणारा डॉक्टर हमखास चुकतो. म्हणून निवडून विचारायचं नाही, सगळ्यांना विचारायचं.

दुसरी अडचण म्हणजे दारू कशाला म्हणायचं. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य महिनाभर गाजलं. राजकारण बाजूला ठेवू. पोटातल्या बाळापर्यंत पोचतं ते इथेनॉल, आणि ते सगळ्या बाटल्यांत एकच असतं. मोजायची रीत सोपी आहे: मिलिलिटरला बाटलीवरच्या टक्क्याने गुणायचं, शंभराने भागायचं आणि आलेल्या आकड्याला ०.८ने गुणायचं, की शुद्ध दारूचे ग्रॅम मिळतात. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा किंवा रमचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे १० ग्रॅम. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅमच्या वर. बाराएक टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास १५ ग्रॅमच्या जवळ जातो. ६५० मिलिलिटरची साधी ५ टक्क्यांची बिअर २६ ग्रॅम, आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग घेतली तर ४१ ग्रॅम. म्हणजे "एकच बिअर घेतली" म्हणणाऱ्या बाईने चार पेग घेतलेले असू शकतात. हातभट्टीचा तर हिशेबच लागत नाही. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि बाटलीवर कुणी टक्के लिहीत नाही. ताडी सकाळी उतरवली तेव्हा गोड असते, पण आंबण्याची क्रिया मडक्यातच सुरू झालेली असते आणि दुपारपर्यंत तिची बिअर होते. "ताडी थंड असते, गरोदरपणात चालते" हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही.

इथेच आसव-अरिष्टांचं सांगून टाकतो, कारण घरोघरी ती असतात आणि कुणी त्यांना दारू म्हणत नाही. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट यांच्या बाटलीवर आंबवताना आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, साधारण ५ ते १० टक्के. ३० मिलिलिटरच्या मात्रेत ते दोन ग्रॅमच्या आसपास भरतं. ही मात्रा पेगाच्या पाचव्या हिश्शाएवढी आहे, तेव्हा एखाद्या वेळी घेतलं म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. पण दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने, पाळीच्या तक्रारीसाठी सुरू केलेलं अशोकारिष्ट दिवस गेल्यावरही चालूच राहिलं, असं होऊ देऊ नये. पाळी चुकली की बाटली बाजूला ठेवावी आणि वैद्यांना दिवस गेल्याचं सांगून पुढचं विचारावं. होमिओपॅथीच्या चार थेंबांची किंवा हाताला लावायच्या सॅनिटायझरची काळजी करू नये.

आता बाळापर्यंत ती पोचते कशी. वार (प्लासेंटा) ही गाळणी आहे असा समज आहे. पुष्कळ गोष्टी ती अडवते, पण इथेनॉलचा रेणू इतका लहान, आणि पाण्यात व चरबीत इतका सहज मिसळणारा, की त्याला वारेची आडकाठी होत नाही. आईच्या रक्तात जेवढी पातळी, जवळजवळ तेवढीच तासाभरात बाळाच्या रक्तात येते. आईचं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम दारू निकालात काढतं. बाळाच्या यकृतात हे काम करणारी विकरं (एन्झाइम) फारच थोडी असतात, त्यामुळे त्याची सुटका आईच्या यकृताच्या वेगावर अवलंबून. त्यातही एक पेच आहे: बाळ लघवी करतं ती गर्भजलात, आणि तेच गर्भजल पुन्हा गिळतं. त्यामुळे आईची उतरली तरी बाळाभोवतालच्या पाण्यात दारू रेंगाळते. क्वार्टर घेतलेल्या बाईच्या रक्तातून ती जायला सहा ते आठ तास लागतात, बाळाला त्याहून जास्त.

या तासांत काय बिघडतं? चेहऱ्याची हाडं, हृदयाचे काही भाग आणि मज्जातंतू ज्या पेशींपासून घडतात, त्या दारूमुळे मरतात किंवा वाट चुकतात. मेंदूतल्या पेशी जन्मल्या जागेवरून ठरलेल्या थरापर्यंत सरकत जायच्या असतात. त्या अर्ध्यात थांबतात. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा, तोल आणि हालचाल सांभाळणारा लहान मेंदू, नवी आठवण साठवणारा भाग, यांना जास्त फटका बसतो. चेहऱ्याचा पाया गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या आठवड्यातच पडायला लागतो, म्हणजे पाळी चुकल्याची शंका यायच्या सुमारास. हृदयाचं काम त्यानंतरच्या आठवड्यांत. मेंदूला मात्र सुट्टी नाही, तो पहिल्या महिन्यापासून नवव्यापर्यंत आणि पुढेही वाढत असतो. म्हणून "पहिले तीन महिने सांभाळलं की झालं" हा सल्ला चुकीचा आहे. त्याच कारणाने "आता सहावा लागला, सोडून काय उपयोग" हेही चुकीचं. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूची वाढ सगळ्यात झपाट्याची असते, तेव्हा ज्या दिवशी सोडेल त्या दिवसापासून बाळाचा फायदाच आहे.

"थोडी चालते का?" असा सरळ प्रश्न आला तर उत्तर "नाही" एवढंच द्यावं. याच्या खाली घेतली तर काही होत नाही, अशी रेषा कुणाला सापडलेली नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी आठवड्यातून एकदा-दोनदा एक-दोन युनिटांची (एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम) सवलत देणारा सल्ला होता. २०१६ मध्ये तोही काढून "अजिबात नको" असा केला. एकदम जास्त घेणं हे तेवढीच थोडी थोडी घेण्यापेक्षा वाईट, कारण रक्तातली पातळी जितकी उंच चढते तितकी इजा अधिक. आठवडाभर काही नाही आणि शनिवारी चार पेग, ही शहरी रीत त्यामुळे निरुपद्रवी नाही. पण दिवस गेल्याचं कळायच्या आधी एका लग्नात एक ग्लास घेतला म्हणून गर्भपाताची चौकशी करत आलेल्या मुलीला तसं काही करायला लावू नये. टोरांटोच्या संशोधकांनी जगभरची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला अंदाज असा, की गरोदरपणात दारू घेणाऱ्या दर १३ बायांमागे एकीच्या बाळाला दारूने होणाऱ्या विकारांतला एखादा होतो. म्हणजे धोका मोठा आहे, पण प्रत्येक घोटाची शिक्षा ठरलेली नाही. मात्रा, वेळ, आईचं पोषण, आनुवंशिक घडण, सोबत तंबाखू किंवा मिश्री, यांवर बरंच अवलंबून असतं. तिला सांगायचं ते हे: झालं ते झालं, आजपासून बंद, आणि ही गोष्ट डॉक्टरपासून लपवू नकोस. सोनोग्राफीत ही इजा बहुधा दिसत नाही, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे" यावरून पुढे घ्यायला मोकळीक मिळत नाही.

फ्रान्समधल्या नान्त शहरात पॉल लेमोआन यांनी १९६८ मध्ये दारू पिणाऱ्या पालकांच्या १२७ मुलांविषयी लिहिलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'लॅन्सेट'मध्ये तेच वेगळ्या मुलांत दाखवलं आणि विकाराला नाव मिळालं: फीटल अल्कोहोल सिंड्रोम. त्याचा चेहरा पाठ्यपुस्तकात असतो. डोळ्यांच्या फटी आखूड, नाक आणि ओठ यांमधली खाच सपाट, वरच्या ओठाची लाली पातळ. त्याबरोबर वजन-उंची कमी आणि डोकं लहान. डॉक्टर हा चेहरा शोधतात, सापडत नाही, आणि विषय मिटतो. घोळ इथेच होतो. हा चेहरा फक्त त्या नेमक्या आठवड्यांतल्या दारूने घडतो. बाकी महिन्यांत प्यायलेल्या आईच्या मुलाचा चेहरा चारचौघांसारखा असतो आणि मेंदूतली इजा तेवढीच असू शकते. अशी मुलं संख्येने कितीतरी जास्त. या सगळ्या गटाला आता फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतात. नवजात बाळाच्या चेहऱ्यावरून काही ठरवूच नये. सुजलेल्या पापण्यांतून डोळ्याची फट कुणाला मोजता येते? खुणा असल्याच तर दोन-तीन वर्षांपासून दहाव्या वर्षापर्यंत जास्त स्पष्ट दिसतात आणि वयात येताना पुसट होतात.

त्यापेक्षा टेप घ्या आणि डोक्याचा घेर मोजा. न ताणणारी, कापडी नव्हे. पुढून भुवयांच्या जरा वर आणि मागून डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग, असा वेढा द्यायचा, केस दाबले जातील इतपत घट्ट. तीनदा मोजायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. पूर्ण दिवसांच्या बाळात जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे मुलाचं सरासरी ३४.५ सेंटिमीटर आणि मुलीचं ३३.९ असतं, मुलगा ३१.९च्या किंवा मुलगी ३१.५च्या खाली असेल तर डोकं लहान म्हणायचं. वर्षाच्या वाढदिवसाला हीच खालची सीमा अनुक्रमे ४३.५ आणि ४२.२. नॉर्मल प्रसूतीत डोकं दबून लांबट झालेलं असतं, म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा दोन-तीन दिवसांनी पुन्हा पडताळावा. अंगणवाडीत वजनाचा तक्ता नेमाने भरतात, पण डोक्याचा घेर बहुतेक कुणी लिहीत नाही, हे आम्हाला कधी उमगलेलं नाही. टेपला खर्च तो किती येतो!

घरात ही मुलं कशी दिसतात? तान्हेपणी चोखायला कमजोर, झोप तुटक, बारीक आवाजाने दचकणारी. आईने बाळंतपणाच्या तोंडावर दारू घेतलेली असेल तर जन्मानंतरच्या काही तासांतच बाळाला थरथर सुटते, साखर उतरते. अशा बाळाची साखर लगेच आणि पुन्हा पुन्हा तपासावी. पुढे चालणं-बोलणं जरा उशिरा. शाळेत गेल्यावर खरी पंचाईत. पाढा सोमवारी पाठ, मंगळवारी कोरा, बुधवारी पुन्हा येतो. घड्याळ कळत नाही, सुटे पैसे मोजता येत नाहीत, गणित डोक्यावरून जातं. बोलणं मात्र चुरचुरीत, त्यामुळे मास्तरांना वाटतं, येतंय पण करत नाही. "हात धू, दप्तर ठेव आणि ताट घे" असं एका दमात सांगितलं तर हात धुऊन उभं राहतं. आठवणीतली फट सुचेल त्याने भरून काढतं आणि घरचे म्हणतात, खोटारडा आहे. काल मार बसला म्हणून आज ते टाळायचं, हा कार्यकारणाचा धागाच त्या मेंदूत नीट जुळत नाही, त्यामुळे मार वाढवून उपयोग शून्य. बुद्ध्यांक बऱ्याच जणांचा ७०च्या वर असतो. म्हणून मतिमंदांच्या शाळेत बसत नाहीत आणि साध्या शाळेत टिकत नाहीत. हृदयाच्या पडद्याला भोक, ऐकू कमी येणं, नजर अधू, पापणी पडलेली, यांतलं काहीही सोबत असू शकतं. तेव्हा या मुलांची कानांची, डोळ्यांची आणि हृदयाची तपासणी करूनच घ्यावी.

यावर रक्ताची तपासणी नाही. निदान टेकलेलं असतं एका उत्तरावर: आईने गरोदरपणात दारू घेतली होती का? आठ वर्षांनंतर, मूल शाळेतून काढलेलं असताना, अपराधी वाटणाऱ्या आईला हे विचारणं आणि तिसऱ्या महिन्यात सहज विचारून लिहून ठेवणं, यांत किती फरक आहे ते सांगायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३पासून वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत आणि एकदा शाळांत जातात. त्यांच्या यादीत बोलण्यातला उशीर, आकलनातला उशीर, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता, सगळं आहे. हा विकार नावाने नाही. तरी काम अडत नाही. मूल त्यांतल्या कोणत्याही खान्यात सापडलं, की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जातं. तिथे थायरॉइडची आणि कानांची तपासणी आधी करावी, कारण तसंच दिसणारे पण औषधाने किंवा यंत्राने सुधारणारे विकार त्यांतून सापडतात. आणि मग आईचं जुनं कार्ड मागावं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही हे नाव नाही, पण बौद्धिक अक्षमता किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता या सदराखाली प्रमाणपत्र मिळू शकतं. पालकांनी त्यासाठी अडून बसावं.

विचारायचं कसं, तर नवऱ्यापासून सुरुवात करावी. सासूला "काकू, जरा बाहेर बसता का, वजन करून घेते" म्हणून बाहेर बसवल्यावर. मग, "मालक घेतात का कधी?" हा प्रश्न बायांना नवा नसतो, उत्तर मोकळेपणाने येतं. त्यापाठोपाठ, त्याच सुरात: "दिवस जायच्या आधी तुम्ही कधी त्यांच्याबरोबर, सणाला, लग्नात, कामावरून आल्यावर घेत होता का? ताडी, माडी, मोहाची, बिअर, काहीही." दिवस जायच्या आधीचं सांगायला लाज कमी वाटते. "हो" आलं की शेवटचा: "शेवटची पाळी येऊन गेल्यापासून किती वेळा, आणि एका वेळी किती?" "किती"चं उत्तर ग्लासात, चपटीत, मडक्यात, रुपयांत, कशातही येऊ द्यावं, ग्रॅम आपण नंतर काढावेत. भुवई उंचावायची नाही, "अगं बाई!" म्हणायचं नाही. आशाताई त्याच वाडीतली असेल तर तिच्यासमोर विचारू नये. दोन मिनिटांचं काम आहे.

"हो" म्हणणाऱ्या बहुतेकींना कारण समजावून सांगितलं की त्या थांबतात. पण रोज पिणारी, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घेणारी बाई वेगळी. तिला "आजपासून एकदम बंद" असं सांगून घरी पाठवू नये. अशा बाईने अचानक सोडली तर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत कधीही झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, ताप, बडबड सुरू होते. यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. तिला दाखल करूनच दारू उतरवायची, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या शामक औषधांवर. सलाइनमधून ग्लुकोज लावण्याआधी जीवनसत्त्व ब-१चं इंजेक्शन द्यायला विसरू नये. ते न देता ग्लुकोज दिलं तर उपाशी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि चहातून, भाजीतून कळू न देता द्यायची जी "दारू सोडवायची पावडर" जाहिरातींत विकतात, ती गरोदर बाईला कधीच देऊ नये. त्यांत डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी देतात ते औषध) असेल आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, असा प्रकार होतो. गरोदर नसलेल्या माणसालाही ते न सांगता देणं हा गुन्ह्याइतकाच धोका आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. नवऱ्यालाही सोबत बोलवावं. घरात रोज बाटली उघडत असेल तर एकट्या बाईने सोडणं अवघड जातं, आणि मारहाण असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

बाळंतपणानंतरचं थोडक्यात. बिअरने दूध वाढतं, हे खोटं. दारूने दूध सुटायला लागणारा संप्रेरक दबतो आणि त्या वेळी बाळाला कमीच दूध मिळतं. दुधातली पातळी रक्ताएवढीच असते, पिळून फेकल्याने लवकर उतरत नाही. घेतलीच तर एका पेगमागे निदान दोन तास पाजू नये, आणि त्या रात्री बाळाला कुशीत घेऊन झोपू नये. जड झोपेत बाळ गुदमरतं. मात्र "आई कधीतरी पिते" म्हणून अंगावरचं कायमचं तोडू नये. सर्दी झाली म्हणून तान्ह्याच्या छातीला ब्रँडी किंवा फेणी चोळणं आणि चमचाभर पाजणं हे अजून चालतं. पातळ त्वचेतून ती आत जाते, आणि लहान बाळाच्या यकृताला साखर तयार करू देत नाही. साखर उतरून बाळ झटके देतं, आणि घरचे म्हणतात, सर्दी डोक्यात गेली.

झालेली इजा भरून निघत नाही. पण सिएटलमध्ये अशी मुलं मोठी होईपर्यंत पाहिली गेली, तेव्हा सहा वर्षांच्या आत निदान झालेली आणि मारहाण नसलेल्या स्थिर घरात वाढलेली मुलं पुढे शाळा सुटणं, पोलिसांत सापडणं, व्यसन लागणं यांतून जास्त वाचली. घरी करायचं ते साधं आहे, फक्त वर्षानुवर्षं करावं लागतं. एका वेळी एकच सूचना, नाव घेऊन, डोळ्यांत बघून. उठणं, जेवण, झोप रोज त्याच वेळी. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर. टीव्ही बंद करून अभ्यास. गणित खऱ्या नाण्यांवर, दुकानात. विसरलं तर पुन्हा शिकवायचं, कालचं धरून ओरडायचं नाही. अतिचंचलतेवर औषधं काहींना लागू पडतात, काहींना नाही. ती बालमानसोपचारतज्ज्ञानेच ठरवावीत.

बाटलीवरच्या इशाऱ्याचंही बोलायला हवं. अमेरिकेत १९८९पासून, फ्रान्समध्ये २००७पासून आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०२३पासून गरोदरपणाचा इशारा बाटलीवर सक्तीचा आहे. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने १ एप्रिल २०१९पासून मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढंच छापणं बंधनकारक झालं. गाडी न चालवणाऱ्या गरोदर बाईला त्यातून काय कळायचं? पोटाच्या आकृतीवर आडवी रेघ असलेलं चित्र पुरेल. ते वाचता न येणाऱ्या बाईलाही समजतं. हातभट्टीवर चित्र येणार नाही हे खरं, म्हणून पुन्हा त्या दवाखान्यातल्या दोन मिनिटांकडेच यावं लागतं.

एक सावधगिरी. माता-बाल संरक्षण कार्ड घरी जातं आणि घरातले सगळे ते वाचतात. त्यावर "दारू पिते" असं लिहिलं तर ती बाई पुढच्या तपासणीला येणार नाही. म्हणून पूर्ण नोंद दवाखान्याच्या नोंदवहीत करावी: काय, किती ग्रॅम, कोणत्या आठवड्यांत. कार्डावर फक्त त्या नोंदीचा क्रमांक घालावा. बाळंतपण दुसऱ्या गावी, माहेरी होणार असेल तर तिथल्या डॉक्टरांना तिच्या संमतीने फोनवर कळवावं आणि बाळाच्या फाइलला तोच क्रमांक जोडावा. पहिल्या भेटीत "नाही" आलं तरी २८व्या आठवड्याच्या सुमारास प्रश्न पुन्हा विचारावा. तोवर ओळख झालेली असते, आणि उत्तर पुष्कळदा बदलतं.

आपले,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ व एक बालरोगतज्ज्ञ
(नावे संपादकांकडे)